बीपीचे मशीन घेताना आधी दंड मोजा, मग किंमत विचारा

वस्तीत तपासणीला बसलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, घरी बीपीचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" पाठोपाठ कोणीतरी मोबाईल पुढे करते. त्यावर मनगटाला घड्याळासारखे बांधायचे, सेलमध्ये निम्म्या किमतीला लावलेले मशीन असते. "हे स्वस्त आहे. चालेल ना?"

घरोघरी हा प्रश्न विचारला जातो, याचा आम्हाला आनंद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील दर शंभर स्त्रियांमागे २१ आणि दर शंभर पुरुषांमागे २४ जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे आपल्या गल्लीत दर चार-पाच मोठ्या माणसांमागे एक. यातल्या कित्येकांना काहीच त्रास होत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, कामाला जाता येते. आणि एके दिवशी सकाळी हात उचलत नाही, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. कमावते माणूस अंथरुणाला खिळले की घराचे काय होते, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

म्हणून घरात मशीन असणे चांगलेच. पण चुकीचे मशीन हे मशीन नसण्यापेक्षा वाईट. एका वस्तीतल्या रिक्षावाल्या दादांनी मनगटाचे मशीन घेतले होते. हात वर धरून ते मोजायचे. आकडा ११८ यायचा. "बीपी नॉर्मल झाला" म्हणून त्यांनी गोळी बंद केली. दोन महिन्यांनी आमच्याकडे दंडावर मोजला तर वरचा बीपी १७२. मशीन बिघडलेले नव्हते. ते मशीन आणि ती मोजण्याची पद्धत या कामाची नव्हती. घरातल्या आकड्यावर गोळी चालू राहते, बंद होते, वाढते. म्हणून तो आकडा खरा असलाच पाहिजे. या लेखात तेवढेच सांगायचे आहे: खरा आकडा देणारे मशीन कसे ओळखायचे, आणि ते आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत कसे वापरायचे.

मशीन आत काय करते?

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आवळते तेव्हाचा वरचा आणि हृदय सैल पडते तेव्हाचा खालचा. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची या डॉक्टरांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजायची रीत काढली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. दवाखान्यात पाऱ्याच्या उभ्या पट्टीवर बीपी मोजताना तुम्ही पाहिले असेल, ती हीच पद्धत. पारा विषारी आहे आणि फुटला तर घरात पसरतो, म्हणून ती जुनी मशीने जगभर मागे पडत आहेत. कोणी जुने पाऱ्याचे मशीन फुकट देत असेल तरी घरात आणू नका.

सेलवर चालणारे मशीन आवाज ऐकत नाही. पट्टा फुगतो, दंडातली रक्तवाहिनी दाबली जाते, आणि पट्ट्याची हवा कमी-जास्त होताना नाडीचे जे हादरे पट्ट्याला बसतात ते मशीन पकडते. त्या हादऱ्यांवरून आतला चिमुकला संगणक हिशेब करतो आणि दोन आकडे दाखवतो. हा हिशेब प्रत्येक कंपनीचा आपला असतो आणि तो गुपित असतो. म्हणून दिसायला सारखी दोन मशीने वेगवेगळे आकडे देऊ शकतात. मशीन निवडताना पुढच्या सगळ्या गोष्टी या एका कारणावर उभ्या आहेत.

मनगट, बोट की दंड?

दंडाचे घ्या. यावर फार चर्चा नको.

मनगटाचे मशीन हृदयाच्या पातळीत अगदी नेमके धरावे लागते. हात थोडा वर गेला की आकडा कमी येतो, खाली गेला की जास्त. पातळीत दहा सेंटीमीटरचा, म्हणजे चार बोटांपेक्षा थोडा जास्त फरक पडला तरी आकडा सात-आठने हलतो. घरात एकट्याने मोजताना ही पातळी सांभाळणे कठीण. दंड फारच जाड असेल आणि कुठलाच पट्टा बसत नसेल, तरच डॉक्टरांना विचारून मनगटाचे मशीन वापरावे.

बोटात घालायची मशीने आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी ॲप यांच्या नादी लागू नका. हातातले स्मार्ट घड्याळ पावले मोजू दे, गोळीचा निर्णय त्यावर नको. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोविडमध्ये घरोघरी आले. ते ऑक्सिजन आणि नाडी दाखवते, बीपी दाखवत नाही. ही गल्लत आम्हाला अजूनही भेटते.

पट्टा: सगळ्यात मोठी गफलत इथे होते

दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याला दुकानदार 'कफ' म्हणतात. मशीनच्या डब्यात बहुतेक वेळा एकच, मधल्या मापाचा पट्टा असतो. तो साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. काही मशीनबरोबर २२ ते ४२ चा मोठा पट्टा येतो. हे माप डब्यावर आणि पट्ट्यावरही छापलेले असते.

आमच्याकडे एका मावशींचा दंड ३६ सेंटीमीटर होता. घरच्या मशीनचा पट्टा ३२ पर्यंतचा. ओढूनताणून बांधायचा, मध्येच त्याचे चिकटपट्टे सुटायचे, आणि वरचा बीपी १६८ दाखवायचा. मोठ्या पट्ट्याने मोजला तर १४८. बीपी त्यांना होताच, पण वीसचा फरक नुसता पट्ट्याचा होता. एवढ्या फरकावर डॉक्टर गोळी वाढवू शकतात, आणि मग उभे राहिले की चक्कर.

हा फक्त आमचा अनुभव नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हेच तपासले. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ वीसने जास्त आला. ज्यांना लहान पट्टा हवा त्यांना नेहमीचा बांधला तर आकडा तीन-चारने कमी आला. म्हणजे पट्टा तोकडा तर बीपी वाढीव दिसतो, पट्टा ढगळ तर बीपी लपतो. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे दंड एकाच घरात असतात: सुनेचा २१ आणि सासूचा ३५.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी दंड मोजा. खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडून, शिवणकामाची टेप गुंडाळा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळा, जिथे टोक मिळते तिथे गाठ मारा आणि मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर सुतळी मोजा. घरात ज्यांचा बीपी मोजायचा आहे त्या सगळ्यांचे आकडे कागदावर लिहून न्या. दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा नको. "दादा, छत्तीसच्या दंडाला बसेल असा पट्टा याच्यासोबत मिळतो का?" हा पहिला प्रश्न. मिळत नसेल तर मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो का ते विचारा, आणि तो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा घ्या. एका कंपनीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीचा पट्टा जोडला तर आतला हिशेब चुकतो.

नाव कंपनीचे बघू नका, मॉडेलचे बघा

"मोठ्या कंपनीचं आहे" एवढे पुरेसे नाही. मशीनचा खरेपणा तपासतात तो मॉडेलनिहाय. एकाच कंपनीचे एक मॉडेल तपासलेले असते, दुसरे नसते.

ही तपासणी कशी होते? आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे किमान ८५ माणसांचा बीपी एकीकडे मशीनने आणि दुसरीकडे दोन प्रशिक्षित माणसांनी स्टेथोस्कोपने मोजायचा. बारीक, जाड, कमी बीपीचे, जास्त बीपीचे, सगळे त्यात असावे लागतात. दोन्हींचे आकडे ठरलेल्या मर्यादेत जुळले तरच मॉडेल पास. पास झालेल्या मॉडेलची यादी 'स्ट्राइड बीपी' या नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट बघता येते. रक्तदाबावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी ती केली आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाला-मुलीला सांगा: डब्यावरचा मॉडेल क्रमांक अक्षर न अक्षर टाकून बघ. एखादे अक्षर वेगळे असले तरी मॉडेल वेगळे असू शकते. गरोदर बाईसाठी मशीन घ्यायचे असेल तर गरोदरपणासाठी तपासलेले मॉडेल कोणते, हेही त्या यादीत वेगळे दिलेले असते.

दुसरी खूण सरकारी परवान्याची. १ जानेवारी २०२१ पासून बीपीची मशीने आपल्याकडे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. डब्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक, कंपनीचा पत्ता, तयार झाल्याची तारीख आणि छापील किंमत असलीच पाहिजे. नसेल तर ठेवून द्या. मात्र परवाना म्हणजे विकायची मुभा. त्या मॉडेलची माणसांवर अचूकतेची तपासणी झाली आहे की नाही, ही वेगळी गोष्ट. दोन्ही बघायचे.

पैसे कशावर घालायचे, कशावर नाही

दंडाचे, साधे, तपासलेले मशीन आज साधारण दीड ते अडीच हजारांत मिळते. मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला तर त्याचे वेगळे पैसे. धुणीभांडी करणाऱ्या ताईसाठी किंवा कंत्राटी सफाई कामगारासाठी ही रक्कम मोठी आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून एकही रुपया वाया जाता कामा नये.

पैसे घाला: योग्य पट्टा, तपासलेले मॉडेल, मोठे आकडे दिसणारी काच, आधीचे आकडे साठवून ठेवायची सोय आणि पक्के बिल. म्हाताऱ्या माणसाला पट्टा बरोबर बांधला की नाही हे खुणेने सांगणारे मॉडेल असेल तर तेही कामाचे.

पैसे घालू नका: मोबाईलला जोडायची सोय, बोलणारे मशीन, रंगीत काच, सोबत फुकट थर्मामीटर. या गोष्टींनी आकडा जास्त खरा होत नाही. दहा रुपयांची वही आणि पेन्सिल ब्लूटूथचे काम करते.

छापील किमतीवर घासाघीस करायला लाजू नका. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने बीपीचे मशीन, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा शेकडो ब्रँडांना छापील किमती खाली आणाव्या लागल्या. मधली साखळी किती खात होती ते यावरून कळते. दोन मेडिकल आणि एक सर्जिकलचे दुकान अशी तीन ठिकाणी एकाच मॉडेलची किंमत विचारा. मोबाईलवरून मागवणार असाल तर विकणारा कोण आहे ते बघा, आणि डबा उघडताना मॉडेल क्रमांक मागवल्याप्रमाणेच आहे ना ते ताडून पाहा. कोणाचे वापरलेले मशीन घेऊ नका. पट्टा गळका आहे की नाही ते वरून कळत नाही.

दुकानातच सेल घालून, पट्टा दंडाला बांधून एकदा चालवून घ्या. बिलावर तारीख, मॉडेल आणि शिक्का हवा. वॉरंटी कार्ड दुकानदाराकडून भरून घ्या, "नंतर भरू" चालायचे नाही. खराब झाले तर पुण्यात दुरुस्ती कुठे होते, तेही आत्ताच विचारा.

घरी आणल्यावर: आधी मशीनची परीक्षा

पहिल्या आठवड्यात मशीन पिशवीत घालून महापालिकेच्या दवाखान्यात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. सिस्टरांना सांगा, "एकदा तुमचं आणि माझं मशीन जुळतं का बघू या." त्याच दंडावर, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने, आलटून पालटून दोन-तीनदा मोजायचे. वरच्या आकड्यात पाचपर्यंत फरक असेल तर मशीन ठीक. सहा ते दहा असेल तर पुन्हा एकदा मोजा. दहाच्या वर सतत फरक येत असेल तर बिल घेऊन दुकान गाठा. ही परीक्षा दरवर्षी करायची. पट्टा फाटला, नळी कडक झाली, मशीन उंचावरून पडले, तर लगेच करायची.

पहिल्याच दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या दंडाचा आकडा जास्त येतो तोच पुढे कायम वापरा. दोन हातांत दहापेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. डायलिसिससाठी ज्या हातावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्या हाताला पट्टा कधीही बांधू नका.

दहा बाय दहाच्या खोलीत बीपी कसा मोजावा

माहितीपत्रकात चित्र असते: खुर्ची, टेबल, शांत खोली. कासेवाडी असो, ताडीवाला रोड असो की जनता वसाहत, आपल्या घरात टेबल नसते आणि शांतताही नसते. तरी जमते.

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाठ टेकून बसा. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही. शेजारी धान्याची कोठी, पेटी किंवा उलटा ठेवलेला पिंप घ्या आणि त्यावर गोधडीची घडी ठेवून उंची अशी करा की दंडावरचा पट्टा छातीच्या मध्याशी येईल. हात गोधडीवर सैल ठेवा. हात मांडीवर ठेवला किंवा लोंबता सोडला तर आकडा फुगतो. जॉन्स हॉपकिन्सच्याच २०२४ मधल्या अभ्यासात हात मांडीवर ठेवल्याने वरचा बीपी सरासरी चारने आणि बाजूला लोंबता सोडल्याने साडेसहाने जास्त आला. खुर्ची नसेल तर कॉटच्या कडेला बसा आणि पाठीशी उशी लावा. मांडी घालून बसण्याने आकडा थोडा बदलतो. दुसरा इलाजच नसेल तर रोज तसेच भिंतीला पाठ टेकून बसा, पण डॉक्टरांना तसे सांगा.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर सरकवू नका, त्याने दंड आवळला जातो. सैल गाऊन घाला किंवा बाही उतरवा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन बोटे वर हवी, आणि पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत एवढा तो घट्ट.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी नाही. मिश्रीचे आम्ही मुद्दाम सांगतो. सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावून लगेच मोजले तर आकडा वाढलेला येतो, आणि "मिश्री म्हणजे तंबाखूच" हे बऱ्याच मावशींच्या ध्यानात नसते. लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन या. पाणी भरून, जिना चढून आल्या आल्या मोजू नका. पाच मिनिटे गप्प बसा, मगच बटण दाबा. मशीन चालू असताना बोलायचे नाही, मोबाईल बघायचा नाही, मुलांवर ओरडायचेही नाही. टीव्ही तेवढा वेळ बंद.

एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही आकडे लिहा. पहिला वाईट आला म्हणून खोडायचा नाही, चांगला येईपर्यंत सात-आठ वेळा मोजत बसायचेही नाही. घाबरून मोजत राहिले की बीपी आणखी वाढतो.

सात दिवसांची वही

रोज, दर तासाला मोजण्याची गरज नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा. सकाळचे मोजमाप गोळी घेण्याआधी, संध्याकाळचे जेवणाआधी. पहाटे पाचला हजेरीला जाणाऱ्या सफाई कामगार भगिनींना सकाळी पाच मिनिटे बसणेही जड जाते. त्यांनी उठल्यावर जमत नसेल तर कामावरून आल्यावर अर्धा तास टेकून मोजावे, पण वेळ रोज तीच ठेवावी.

वहीत तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, आणि गोळी घेतली की चुकली, एवढे रकाने आखा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, तो दिवस सवयीचा. उरलेल्या सहा दिवसांचे दिवसाला चार याप्रमाणे २४ आकडे होतात. वरच्या आकड्यांची बेरीज करून २४ ने भागा, खालच्यांचे तसेच. हा हिशेब सातवी-आठवीतल्या लेकराला सांगा, तेही शिकेल आणि आजीचा बीपीही त्याला कळेल.

दवाखान्यात १४०/९० आणि त्याच्या वर बीपी जास्त धरतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरची मर्यादा थोडी खाली: सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायचे. दवाखान्याच्या रांगेत दोन तास उभे राहून, घाईत मोजलेला बीपी काहींचा वाढीव येतो. उलट काहींचा दवाखान्यात बरा आणि घरी जास्त असतो. अशा माणसांचा आजार वहीशिवाय सापडतच नाही. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना तुमच्यासाठी दोन मिनिटे मिळतात. सहा दिवसांची वही पुढे ठेवली की ती दोन मिनिटे कामी येतात, आणि "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका" असे म्हणून कोणी बोळवण करू शकत नाही.

आकडा दिसला, आता काय?

घरच्या आकड्यावर आपल्या मनाने गोळी वाढवू नका, कमी करू नका, बंद तर मुळीच करू नका. बीपी १२४ आला तो बहुधा गोळीमुळेच आला. "आता नॉर्मल आहे" म्हणून गोळी सोडली की तो पुन्हा चढतो. शेजारणीची गोळी आपल्याला चालत नाही. औषध महाग पडत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, महापालिकेच्या दवाखान्यात आणि ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात विचारा, जन औषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी कमी किमतीत मिळते का बघा.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. तसाच राहिला पण दुसरा काही त्रास नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक अंधारी येणे यातले काहीही असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. लिंबूपाणी, कांदा हुंगवणे, "जरा पडून राहा" यात वेळ घालवू नका. गरोदर बाईचा बीपी १४०/९० आला, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे चमकू लागले किंवा तोंड-हात सुजले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

मशीनवर अनियमित ठोक्याची खूण वारंवार दिसत असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. ठोके अनियमित असतील तर अशा मशीनचा आकडा तितका भरवशाचा नसतो आणि ईसीजी काढावा लागतो.

एका घराला परवडत नसेल तर

प्रत्येक घरात मशीन हवेच असे नाही. दहा घरांत दहा स्वस्त, न तपासलेली मशीने असण्यापेक्षा दहा घरांत मिळून एक खरे मशीन आणि दोन मापांचे पट्टे असणे चांगले. दहा घरांनी तीनशे-तीनशे काढले तरी एवढे येते. बचत गट, महिला मंडळ, गल्लीतली भिशी, कोणीही हे करू शकते. रविवारी वंदनेला विहारात लोक जमतातच. वंदना संपल्यावर अर्धा तास तिथेच पाठ टेकायला खुर्ची, हात ठेवायला टेबल आणि शांतता, तिन्ही मिळतात. घरापेक्षा तिथे मोजणे सोपे.

सामायिक मशीनला नियम हवेत. मशीनची जबाबदारी दोघींवर असावी आणि त्या दोघींना वस्तीतल्या आशाताई किंवा सिस्टरांनी एकदा शिकवावे. मशीनवर मॉडेल आणि मागच्या परीक्षेची तारीख चिकटवावी. सेलचा खर्च वर्गणीतून काढावा. वर्षभर मशीन कपाटात पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्या घरी. कोणाचा बीपी किती, हे विहाराच्या फळ्यावर किंवा व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये. सात दिवसांची मोजणी ज्याला करायची आहे त्याला मशीन आठवडाभर घरी न्यायला द्यावे आणि नोंद करून परत घ्यावे.

घराजवळ मोजणी, ठरलेली गोळी आणि महिन्याला पाठपुरावा, एवढ्या साध्या गोष्टींनी फरक पडतो, हे सिद्ध झाले आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. तिथल्या सरकारी केंद्रांत महागडे तंत्रज्ञान नव्हते. डिजिटल बीपी मशीन, मोजक्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद होती. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. गावातल्या उपकेंद्रात जे जमले ते पुण्याच्या वस्तीतही जमेल. त्यासाठी ३० वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्यायला हवा, त्रास असो वा नसो.

दुकानात जाताना ही चिठ्ठी सोबत न्या

१. घरातल्या प्रत्येकाच्या दंडाचा घेर सेंटीमीटरमध्ये: ______
२. मशीन दंडाचेच. मनगटाचे, बोटाचे नाही.
३. पट्ट्यावर छापलेले माप आमच्या दंडाला पुरते का? मोठा पट्टा त्याच कंपनीचा मिळतो का?
४. मॉडेल क्रमांक: ______ तपासलेल्या यादीत आहे का?
५. डब्यावर परवाना क्रमांक, तारीख, छापील किंमत आहे का?
६. तीन दुकानांतली किंमत: ______ / ______ / ______
७. दुकानात चालवून पाहिले का?
८. पक्के बिल, भरलेले वॉरंटी कार्ड, दुरुस्तीचे ठिकाण.
९. पहिल्या आठवड्यात दवाखान्यात जुळवून पाहण्याची तारीख: ______
१०. एक वही आणि एक पेन्सिल.

पान कापून भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून ठेवा. शेजारच्या घरात कोणी मशीन घ्यायला निघाले तर त्यांनाही द्या.